हद्दीपलीकडचं गणित

आमच्या मास्टरसाहेबांची रीतच होती: पेनाचं टोपण काढायचं, रुमालाने निब पुसायची, कागद न वाचता सही करायची आणि तिच्यावर हळूच फुंकर मारायची. मी ओरडायची, "अरे, पढ़ तो लीजिए!" उत्तर ठरलेलं, "भाभीजी, काग़ज़ देने वाला सामने बैठा हो और हम पढ़ने लगें? उसे कैसा लगेगा?"

बाळांनो, तुम्ही फोनवर न वाचता 'मान्य' दाबता ते आळसाने. हे गृहस्थ अदबीपायी वाचत नसत.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. तुमचे आजोबा रेल्वेत इंजिनीयर. वरच्या खोलीत हे मास्टरसाहेब भाडेकरू, एकटे, पन्नाशीचे. एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत. शिकवणं सोडून त्यांना जगात काही येत नव्हतं. साधा चहा केला तरी उतू जायचा.

क्लासच्या मालकाने कधी तिथे पाऊलही न टाकलेल्या मुलांचे फोटो आपले गुणवंत म्हणून छापले. मास्टरसाहेबांनी तडकाफडकी नोकरी सोडली. लगेच मालकाचा माणूस कराराची प्रत घेऊन हजर. ती वाचली अर्थात मी. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं लखनौ शहराच्या हद्दीत कुठेही, घरीसुद्धा, गणित शिकवायचं नाही!

"यह आपने साइन किया?"

"किया तो है। बड़ी अच्छी चाय पिलाई थी उस दिन।"

मी त्यांना ओढत ओळखीच्या वकिलांकडे नेलं. वकील हसले. "मास्टर साहब, नौकरी छोड़ने के बाद ऐसी शर्त कोर्ट में टिकती ही नहीं। आराम से पढ़ाइए।"

परतताना रिक्षात मी खूश. हे म्हणाले, "कोर्ट में न टिके, भाभीजी। दस्तख़त तो हमारे ही हैं।"

"मग खा आता दस्तख़त!" मी मराठीतच कडाडले. त्यांना अर्थ कळला असावा, कारण बिचारे रिक्षाच्या कडेला सरकून बसले.

मग त्यांनी शेजारच्या बाराबंकी गावातल्या एका क्लासमध्ये नोकरी धरली. रोज बादशाहनगर स्टेशनहून पॅसेंजर गाडी. तुमची आई तेव्हा बारावीत होती आणि कॅल्क्युलसने रडकुंडीला आलेली. जिन्यात त्यांना गाठायची, "अंकल, बस एक सवाल!"

"मल्हौर के बाद, बेटा।"

मल्हौर स्टेशन गेलं की शहराची हद्द संपली, हा त्यांचा हिशोब. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मीच लेकीला घेऊन त्या गाडीत बसले. तिने वही उघडली. हे खिडकीबाहेर बघत पेरूंच्या भावाबद्दल बोलत राहिले. मल्हौर मागे पडलं, तसे वळले. "हाँ, दिखाओ।" पुढे काय शिकवलं म्हणता! समोरचा दूधवालाही माना डोलवत होता. पण परतीच्या वाटेवर ऐन गणितात मल्हौर आलं आणि पेन्सिल खाली.

"मम्मी, ये पागल हैं क्या?" तुमची आई माझ्या कानात कुजबुजली.

थंडीत धुक्याने गाड्या रखडायच्या. हे पोचेपर्यंत मुलं घरी गेलेली. अखेर त्यांनी बाराबंकीतच बिऱ्हाड केलं. दोन वर्षांनी परत येतील म्हणून मी खोली रिकामी ठेवली. तुमचे आजोबा कुरकुरले, मी ऐकलं नाही.

मुदत संपल्यावर ते पेरूंची टोपली घेऊन आले. मी विचारलं, "सामान कब ला रहे हैं?"

ते टोपलीकडे बघत म्हणाले, "वहाँ भी एक काग़ज़ था, भाभीजी। अब उन्हें छोड़कर इस शहर में नहीं पढ़ा सकते।"

"पढ़ा था?"

"मालिक की अम्मा खुद चाय लेकर आई थीं।"

मी कपाळावर हात मारला. निघताना तुमच्या आईने जिन्यात वाट अडवली. "अंकल, मेरा एक सवाल बाकी है। मल्हौर वाला।"

ते म्हणाले, "पुराना सवाल है, पुराने काग़ज़ का। वह तो पूरा हुआ।" आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी ते सोडवलं. त्यांची गाडी चुकली. नंतरच्या गाडीने गेले ते पुन्हा राहायला आलेच नाहीत.

पुढे खोली बघायला एक तरुण बँकवाला आला. मी चहा ठेवला आणि भाडेकरार पुढे केला. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नीट वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले होते. तरी, खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही. चहा गार होत होता.