मी दिलेला हुंकार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, मग सांगते. कारण या घोटाळ्यात येड्यासारखी वागले ती मीच!

आमचे हे नागपूरच्या एका कॉलेजात शास्त्र शिकवायचे. नोकरी नवी, अजून कायम नव्हती. आणि ह्यांच्या तासाला पोरं झोपायची! प्रिन्सिपॉलसाहेबांनी बजावलं, "पोरांना बोलतं करा. दिवाळीत मी मेहकरला येतोय, तिथल्या सभेत तुमचं व्याख्यान ऐकीन. लोक जागे राहिले, तर नोकरी कायम."

झालं! सुटीत मेहकरला घरी आल्यापासून ह्यांची तालीम सुरू. विषय काय, तर लोणारच्या तळ्याचं पाणी खारं का! ऐकणारी मी, आणि मांडीवर दातांनी बेजार झालेला आठ महिन्यांचा बाळ्या. खरं सांगू? 'क्षार' शब्द निघाला की बाळ्या गाढ झोपे! घरचं पोर झोपतं, तर गाव काय जागं राहणार?

मी सातवी शिकलेली. कॉलेज कुठून पाहणार? पण गोष्ट कशी सांगतात ते ठाऊक होतं.

"अहो, हुंकार देणारं कोणी नाही म्हणून पोरं झोपतात. मधून मधून 'हो ना?' असं विचारा की!"

"व्याख्यान आहे ते. पोराटोरांची गोष्ट नाही," हे म्हणाले. पण विचारायचं कबूल केलं.

मी तेवढ्यावर थांबते का? शेजारच्या कौसामावशीला गाठलं. "मावशी, तीस बाया आना. मी 'हूं' म्हनलं का सगळ्यायनं म्हनाचं."

"आन् समजलं नाही त?"

"समजाचं काय त्याच्यात? माह्याकडे कान ठेवा."

"हाव माय! तुह्या नवऱ्याच्या नोकरीसाठी शंभर डाव हूं म्हनू!"

सभा भर दुपारी, जेवणं झाल्यावर, शाळेच्या पटांगणात. पुढं साहेब, बाजूला पडद्याआड आम्ही.

हे म्हणाले, "पाणी तळ्यात येतं, पण बाहेर जायला वाट नाही. हो ना?"

मी "हूं!" मागून तीस बाया, "हूं!"

पुरुषमंडळी दचकून सरळ बसली. एक म्हातारा उठला, "मंग त्यातला खार जाते कोठी?" ह्यांनी सांगितलं. दुसऱ्यानं आणखी विचारलं. अहो, सभा रंगली! साहेब खूष. माझा जीव भांड्यात पडला...

आणि तिथंच घात झाला! काळजीनं तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. तेच व्याख्यान अकराव्यांदा ऐकत होते. 'क्षार' शब्द आला, आणि...

पुढचं मावशीनं सांगितलं. मी खांबाला टेकून घोरायला लागले. "हूंऽऽ!" लागलीच तीस बाया, "हूंऽऽ!"

हे म्हणाले, "कोणी म्हणतं, तळं ज्वालामुखीनं झालं—"

"हूंऽऽ!"

"कोणी म्हणतं, तसं नाही—"

"हूंऽऽ!"

"मी... जरा पाणी पितो."

"हूंऽऽ!"

सभा उठल्यावर मी तिलाच धरलं, "मावशी, मले उठवाचं नाही का वं?"

"कायले? तूच म्हनलं होतं, कान ठेवा. आमी ठेवले!"

संध्याकाळी साहेब घरी चहाला आले. मी दाराआड, हातात चिवड्याची बशी.

"नोकरी कायम समजा," साहेब म्हणाले. "एवढी जागी सभा मी पाहिली नाही. फक्त पडद्याआड कोणी बाई घोरत होत्या. कोण हो त्या?"

ह्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"साहेब, लोकांना जागं ठेवायची युक्ती त्यांचीच."