उतरल्याचा निरोप

आधीच माफी मागतो. लिहिण्याइतकं माझं वय नाही आणि वाचनही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. घरात लिहिलं जायचं ते फक्त फॉर्म. पण काळजीची सवय कशी सुटते ते मला ठाऊक आहे आणि ते मनात ठेवून राहणं जमेनासं झालं आहे.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, कॉलेज अंबडला. सकाळी फाट्यावरून जीपनं जायचं, संध्याकाळी परत. आईला वाटायचं, जीप उलटेल, मी मागे लटकेन, रस्त्यात ट्रक येईल. फोनवर तिचा विश्वास नव्हता. "फोनवर तू कुठूनबी पोचलो म्हणशील. डोळ्यानं बघितलेला माणूस सांगंल ते खरं." म्हणून जीपवाले काका मला कॉलेजसमोर उतरवत, आणि दुपारी ते परतले की आई फाट्यावर उभीच असे.

"उतरला का हो भाऊ?"

"उतरला, माय. दोन्ही पायांनी उतरला."

सगळी जीप हसायची. वर्गात हे कळलं आणि माझं नाव 'पार्सल' पडलं. मी दारात दिसलो की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "पार्सल आलं रे, सही करा!"

मीही आईचाच मुलगा. परीक्षेला निघताना हॉलतिकीट पाच-सहा वेळा काढून बघायचो. पेपरच्या दिवशी पोटात मुरडा यायचा.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात मन या विषयावर एका बाईंचं व्याख्यान झालं. त्या म्हणाल्या, काळजी वाटली की स्वतःला विचारा, हे माझ्या हातात आहे का? नसेल तर सोडून द्या. मी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्यासाठीच घेतलं होतं, पण लागू केलं आधी आईला.

रविवारी ती शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो.

"जीप उलटणं तुझ्या हातात हाये का?"

"न्हाई."

"ट्रक?"

"न्हाई रे."

"मंग फाट्यावर उभं राहून काय करून राह्यली तू? लोक हसतात मला."

ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, आजपासून निरोप बंद, तिनं विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. ते म्हणाले, "तुझीच माय हाये, बघ बुवा." त्या दिवशी मी घरी गेलोच नाही. फोन बंद करून दोन रात्री मित्राच्या खोलीवर राहिलो. सवय मोडायची तर एकदाच मोडावी, असं माझं म्हणणं. तिसऱ्या दिवशी घरी गेलो. आईनं ताट वाढलं. कुठं होतास, असं एका शब्दानं विचारलं नाही. तिचे ओठ सुकून फुटले होते. ते मी पाहिलं, आणि वहीत लिहिलं, 'पद्धत लागू पडली.'

पुढे मी अंबडलाच खोली केली. आईचा फोन येईना. आठवड्यातून मी केला तर ती म्हणे, "बरंय सगळं." आणि खरं सांगतो, माझा मुरडा गेला. हॉलतिकीट एकदाच बघू लागलो. तेव्हा कळलं, माझी अर्धी काळजी म्हणजे ती काळजी करत असेल याचीच काळजी होती. ती मिटली तसा मी मोकळा झालो. वर्गातल्या दोघांना मी ही पद्धत शिकवलीसुद्धा.

परवा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर समोर काका जीप पुसत उभे. मला बघून फडकं खांद्यावर टाकलं.

"घरी जाऊन आला का?"

"नाही. परीक्षा होती. काय झालं?"

"म्हणजे तुला कुणीच सांगितलं न्हाई."

"काका, काय झालं?"

"कापसाची पऱ्हाटी उपटत होती तुझी माय. काडी डोळ्यात शिरली. चार दिवस कुणाला बोलली न्हाई, तुझ्या बापाला बी न्हाई. कचरा गेला म्हणायची, पदरानं शेकायची. पार सुजला तवा कुठं नेलं जालन्याला. डॉक्टर म्हणला, जल्दी आणायला पाहिजे होतं. अकरा दिवस झाले याला."

"मग मला निरोप का नाही दिला?"

"निघालो होतो द्यायला. तिनंच अडवलं. म्हणली, नका सांगू भाऊ, त्याच्या हातात काय हाये?"

मी जीपचा दांडा धरला. पोटात कळ येईल असं वाटलं, पण काहीच आलं नाही.

"आता कशी आहे?" मी विचारलं.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा डोळा गेला."