फेरेओल शाब्रचा टाका

सें-ग्रा गावात फेरेओल शाब्रचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा. त्या दिवशी उजाडायच्या आत तो गावातल्या बायकांनी शिवलेल्या हातमोज्यांची गाठोडी सायकलला बांधायचा, लाफ्रेचा उतार ब्रेक दाबत उतरायचा, ग्रनोबलच्या कारखान्यात माल पोचवायचा, कापलेल्या कातड्याची नवी गाठोडी घ्यायचा आणि तोच उतार आता चढ म्हणून चढत घरी यायचा. त्या चढावर गाडीवान खाली उतरून गाडीला मागून खांदा लावत. फेरेओल उतरत नसे. अकरा वर्षं हे चाललं होतं, आणि त्याच्या पोटऱ्या बघून गावचा खाटीक म्हणायचा की असला माल माझ्या दुकानात कधी आला नाही.

माणूस बुटका, पिवळट मिशांचा, मितभाषी. बायको क्लोतिल्द त्याच्यापेक्षा वीतभर उंच आणि दसपट बोलकी. गावातल्या सगळ्या बायकांप्रमाणे तीही हातमोजे शिवायची. एका हिवाळ्यात तिच्या अंगठ्याला नखुरडं झालं, हात सुजून भोपळा झाला, आणि लग्नसराईचे पांढरे हातमोजे तर गुरुवारी द्यायचेच होते. फेरेओल तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "दाखव मला." पहिला जोड फुकट गेला. दुसरा तिने उसवला. चौथा जोड मात्र कारखान्यातल्या तपासनिसालाही वेगळा ओळखता आला नाही.

अंगठा बरा झाला तरी सवय सुटली नाही. दर हिवाळ्यात दोघं मिळून शिवू लागली, पण खिडक्यांची दारं घट्ट लावून. कारण सें-ग्रामध्ये शिवण म्हणजे बायकांचं काम. एकाने एकदा स्वतःचा सदरा स्वतः धुतला, तर कॅफेतली मंडळी त्याला दहा वर्षं 'मादलेन' अशी बाईच्या नावाने हाक मारत होती. दारावर थाप पडली की फेरेओल हातमोजा बुडाखाली सारायचा आणि पाइप तोंडात धरायचा. एकदा घाईत सुईवरच बसला, आणि आंतेल्म सुतार उठून जाईपर्यंत जरासंही न कण्हता त्याच्याशी लाकडाच्या प्रतींवर बोलत राहिला.

हा आंतेल्म कॅफेतला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. १९०६ च्या वसंतात कुठल्याशा वर्तमानपत्राने ग्रनोबल ते मार्सेय अशी सायकलींची शर्यत ठरवली आणि तिचा कागद कॅफेच्या भिंतीवर लागला. तीनशे किलोमीटर, एका दिवसात. आंतेल्मने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "फेरेओल, बायकांचे हातमोजे पोचवतोस, आता एकदा स्वतःलाही कुठेतरी पोचव." सगळे हसले. फेरेओलने पेला संपवला, शाळेच्या मास्तरांकडून लेखणी मागून घेतली आणि तिथल्या तिथे अर्ज भरला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

क्लोतिल्दने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. पाय मोडून आलास तर दुसऱ्या पायाने गुरुवारची फेरी करायची, एवढं मात्र बजावलं. निघताना तिने त्याच्या खिशांत पाव, अक्रोड आणि शेळीच्या दुधाचं चीज भरलं, आणि वर सुई, मेणाचा दोरा आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान.

"अंगुस्तान काढ," तो म्हणाला. "कुणी पाहिलं तर?"

"खिशात राहू दे. खिशाला कोण विचारतंय?"

सुरुवातीच्या रेषेवर त्रेचाळीस जण होते. त्यांत लिऑंचा लेओन्स रूजिए होता, रेशमी बनियन घातलेला आणि मिशांना मेण लावलेला. असल्या शर्यती जिंकूनच तो पोट भरायचा. पंचांनी नियम वाचून दाखवले. ज्याची सायकल मोडेल त्याने ती स्वतःच दुरुस्त करायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर नाव कटलं. फेरेओलने गुडघ्यावर कापलेली जुनी विजार घातली होती आणि त्याच्याजवळ एकच जादा टायर होता, खांद्यावरून छातीवर आडवा घेतलेला. बाकीच्यांकडे दोन-तीन होते.

लाफ्रेच्या चढावर मात्र चित्र पालटलं. एकेक जण सायकलवरून उतरून ढकलू लागला, आणि फेरेओल बसल्या जागी, आज गाठोडी नाहीत म्हणून जरा अस्वस्थच, त्यांना मागे टाकत गेला. माथ्यावर तो सातवा होता. गावकरी रस्त्याच्या कडेला उभे होते. आंतेल्मने टोपी हवेत उडवली, ती शेजारच्या नाल्यात पडली, आणि ती काढायला तो गुडघाभर पाण्यात उतरला.

गॅप नावाचं गाव मागे पडलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. तिथून खालच्या रस्त्यावर कुणीतरी, मागे पडलेल्या आपल्या लाडक्या गड्याला पुढच्यांना गाठता यावं म्हणून, मूठमूठ चांभारी खिळे पसरून ठेवले होते. आधी रूजिएचं पंक्चर झालं, मग त्याच्या मागच्याचं, मग सगळ्यांचंच. जादा टायर चढवून माणसं निघाली, तर पुढच्या वळणावर पुन्हा खिळे. त्या काळी ट्यूब टायरच्या पोटात शिवून टाकलेली असे. पंक्चर काढायचं तर टाके उसवायचे, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि टायर पुन्हा शिवायचा. पाहता पाहता अक्रोडाच्या झाडांखाली सतरा-अठरा दणकट गडी मांडी घालून सुया घेऊन बसले. कुणाच्या सुईत दोरा जाईना, कुणी बोट टोचून घेऊन आईबाप काढत होता. रूजिएने तर टायर स्वतःच्या विजारीलाच शिवून टाकला होता.

फेरेओल थोडं दूर, पाठ करून बसला. खिशात हात घातला, अंगुस्तान बोटांना लागलं, आणि तो क्षणभर थांबला. मग त्याने ते बोटात चढवलं. त्याची सुई अशी सरसर चालली की शेजारच्या वाडीतल्या बायका जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "पोरा, हा तर हातमोज्याचा टाका. चाळीस वर्षं मी हाच घातला. कुणी शिकवला तुला?"

आईने मरताना शिकवला म्हणावं, सैन्यात शिकलो म्हणावं, असं बरंच काही त्याच्या ओठांवर आलं. आजूबाजूला कान टवकारलेले होते. शर्यतीमागोमाग आलेल्या पंचांच्या मोटारीतला बातमीदार पेन्सिल काढून उभा होता.

"बायकोने," फेरेओल म्हणाला. "हिवाळ्यात आम्ही दोघं शिवतो."

कुणी हसलं नाही. उलट रूजिए आपला टायर, विजारीसकट, ओढत त्याच्याजवळ आला. "मित्रा, माझा घेतोस शिवून?"

"हात लागला तर दोघांची नावं कटतील," पंच मोटारीतून म्हणाले.

फेरेओलने विचार केला. "साहेब, नियमात हात आहे. तोंड आहे का?"

पंचांनी नियमांचा कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तोंडाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तेव्हा फेरेओल, स्वतःचा टायर चढवून तयार असूनही, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला: दोरा हातभरच घ्या, मेण चोळा, सुई आतून बाहेर काढा, ओढायचं ते मनगटाने, खांद्याने नव्हे. "रूजिए, टायर आहे तो, बैल नाही. जरा माया कर." वीस मिनिटं गेली त्यात. नंतर तो म्हणे की आयुष्यात सलग एवढं तो कधीच बोलला नव्हता.

रूजिए जिंकला. फेरेओल मार्सेयला पाचवा पोचला, दिवस मावळता मावळता, मिशांवर धुळीचे थर घेऊन. समुद्र त्याने पहिल्यांदाच पाहिला. बूट काढून तो पाण्यात उभा राहिला, बोट बुडवून चाखलं आणि खारट आहे याची स्वतःच्या जिभेने खात्री करून घेतली. पाचव्या क्रमांकाला चांदीचा मुलामा दिलेलं सूपचं भांडं मिळालं.

पण घरी परतताना त्याचे पाय लाफ्रेवर पडले नव्हते एवढे जड पडले. वर्तमानपत्र त्याच्या आधी गावात पोचलं होतं, आणि मास्तरांनी ते कॅफेत मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, अंगुस्तानासकट. फेरेओल भांडं बगलेत धरून आत शिरला. आंतेल्म उठून समोर आला.

"इतकी वर्षं लपवून ठेवलंस?"

"ठेवलं," फेरेओल म्हणाला. आता 'मादलेन' ऐकायची त्याने मनाची तयारी केली.

आंतेल्मने खाली बघत घसा खाकरला. "आमच्या घरी अंगठे मी शिवतो. बाकीची बोटं बायकोला जमतात, अंगठ्याला तिचा हात बसत नाही."

मग खाटकाने सांगितलं की बटणांची काजं त्याची. मग चर्चची घंटा वाजवणारा बोलला. मास्तरांनी आधी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि शेवटी कबूल केलं की शिवतात ते वाईट, पण शिवतात. दिवे लागेपर्यंत नऊ जण झाले. फेरेओलने घरी येऊन हे सांगितलं तर क्लोतिल्द हसून हसून खुर्चीतच लवंडली. कुठल्या घरात कोण शिवतं ते धुण्याच्या हौदावर सगळ्या बायकांना केव्हाचं ठाऊक होतं. नवऱ्यांची लाज राखायची म्हणून एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

फेरेओल पुढे आणखी दोन शर्यतींत उतरला. एकीत साखळी तुटली, दुसरीत अकरावा आला, आणि मग त्याने ते सोडलं. रूजिए मात्र दर नव्या वर्षाला लिऑंहून एक टायर पाठवायचा, स्वतःच्या हाताने शिवलेला. टाके वर्षागणिक सुधारत गेले, असं फेरेओल कौतुकाने सांगे.

१९११ च्या उन्हाळ्यात क्लोतिल्दने जाहीर केलं की समुद्र तिलाही चाखायचाय. त्यांनी दोघांनी चालवायची जोडसायकल मागून आणली. उंच म्हणून ती पुढे बसली आणि सुकाणू तिच्याच हाती राहिलं. जायला तीन दिवस लागले, वाटेत तिने प्रत्येक खाणावळीत ओळखी केल्या. समुद्र मोठा आहे हे तिने मान्य केलं, पण मार्सेयवाले माशाच्या सूपमध्ये मीठ फार घालतात म्हणाली. परतीला लाफ्रेच्या पायथ्याशी आल्यावर फेरेओलने विचारलं, उतरायचंय का.

"तू उतर हवं तर," ती मागे न बघता म्हणाली आणि पायडलवर उभी राहिली.