रॉड कानाला, तोंड बंद

"एकच खड्डा, विजय. दुसरा मागायचा नाही."

अभियंता साहेबांनी रस्त्याकडे बोट करून बजावलं. नवा कोरा सिमेंटचा रस्ता, आणि त्याच्या पोटात कुठेतरी फुटलेला पाइप.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात पाणीपुरवठ्याचा फिटर आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही दोन तास. लीकेज त्याच दोन तासांत शोधायचं, कारण पाइपात पाणी नसलं तर आवाजही नाही. त्या दिवशी चुकलो असतो तर गल्लीच्या टोकाला आणखी एक आठवडा कोरडा गेला असता. टोकाला कौसल्याकाकूंचं घर. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. रोजच्या चादरी धुवायला काकू लांबच्या हापशीवरून पाणी आणत होत्या.

रस्त्यावर ओल दिसत होती. पण ओलीवर भरवसा ठेवणारा फिटर फसतो. पाणी फुटतं एकीकडे आणि सिमेंटखालून सरकत वर येतं दुसरीकडे. म्हणून आमचा रॉड. चार फुटी लोखंडी सळई, एक टोक नळावर नाहीतर रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. पाइप फुटला असेल तर बारीक 'स्स्स' येतो. जवळ जावं तसा वाढतो. एरवी मी थोडं ऐकून, थोडं अंदाजाने दोन-तीन खड्डे घ्यायचो आणि भागून जायचं.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या चर्चच्या मंडळीत मी कामाचा माणूस. रविवारी उपासनेत ढोलकी, बुधवारी घरोघरी प्रार्थना, शुक्रवारी उपास, रोज सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर बायबलचं वचन. प्रार्थनेला उभा राहिलो की वीस मिनिटं खाली बसत नाही. पाळक म्हणायचे, "विजयभाऊ, कधी नुसतं बसा ना प्रभूजवळ." मी बसायचोही. दोन मिनिटांत कुठला तरी गळका वॉल्व्ह आठवायचा आणि मी उठायचो.

त्या दिवशीही रॉड टेकवला आणि सुरू झालो. प्रभू, जागा दाखव. प्रभू, साहेबांसमोर लाज राख. प्रभू, त्या काकूंकडे बघ. पाच घरांचे नळ झाले. कानात नुसती घरघर. दोनातला पहिला तास संपत आला, मला घाम फुटला.

काकू दारातून बघत होत्या.

"काय पुटपुटून राह्यले भाऊ?"

"प्रार्थना करून राह्यलो, काकू."

"एकदा सांगतलं ना त्याले? मंग चूप बसा ना आता! तुमचंच तोंड चालू, तुमाले ऐकू काय येईन?"

घरघर माझीच होती! सळई हाडाला टेकलेली, जबडा हलत होता, आणि मी स्वतःलाच ऐकत होतो. वीस वर्षांचा अनुभव म्हणे!

तेवढ्यात सोयाबीनची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. काकूंनी हात आडवा केला. "बंद कर थे! दोन मिन्टं!" ट्रॅक्टर बंद झाला. मागची रिसोडला जाणारी जीपही बंद झाली.

मी तोंड मिटलं. मागणं नाही, शब्द नाही. प्रभू आहे, मी आहे, बस. इतक्या वर्षांत मी त्याच्याजवळ असा गप्प कधी उभाच राहिलो नव्हतो. छाती भरून आली. आणि आला! स्स्स! रॉड रस्त्यावर घेतला, दोन फूट सरकवला, वाढला. आणखी दोन फूट, कमी झाला. मागे आलो आणि खडूने फुली मारली.

साहेब म्हणाले, "ओल तिकडे आणि फुली इकडे?"

"इथेच, साहेब."

"बघ हं."

ब्रेकर लागला. तीन फूट खोल गेल्यावर पाण्याने अशी उसळी मारली की साहेबांचा शर्ट चिंब! "हालेलुया!" मी ओरडलोच. ट्रॅक्टरवाल्याने शिट्टी मारली. साहेब तोंड पुसत हसत होते. वॉल्व्ह बंद केला, फुटलेल्या जागेभोवती लोखंडी कॉलर आवळली, पुन्हा वॉल्व्ह सोडला. पंधरा मिनिटं उरली होती. काकूंच्या नळाला पाणी आलं. त्यांनी आधी चादरी भिजवल्या, मग पिण्याचं भरलं.

रविवारी पाळकांनी शेवटची प्रार्थना मला दिली. मी उभा राहिलो आणि गप्पच राहिलो. मागून कोणीतरी कुजबुजलं, "माईक बंद पडला वाटते."

माईक चालू होता. रॉड कानाला लावल्यावर बोलायचं नसतं, एवढं मला वीस वर्षांनी कळलं होतं.