काडतुसांना अंघोळ

चीनने सरहद्द ओलांडली आणि त्याचा बंदोबस्त करण्यासाठी शहाद्यात रायफल क्लब निघाला. क्लबात रायफल एकही नव्हती. पीक राखायला परवान्यावर मिळालेल्या बारा बोअरच्या बंदुका तेवढ्या होत्या, आणि त्यांचा आजवरचा शत्रू म्हणजे उसातलं रानडुक्कर. तेही बार ऐकून घाईने पळत नसे. पोट भरलं की आपलं आपण निघून जाई.

त्रेसष्टच्या दसऱ्याला गोमाई नदीच्या वाळूत क्लबाची पहिली स्पर्धा ठरली. तीन ठिकाणी बांबूंवर दोन-दोन मडकी. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळायचं, बंदूक भरायची, मारायचं. जास्त मडकी फोडील आणि कमी वेळ घेईल तो पहिला. नियम मामलेदारसाहेबांनी स्वतः लिहिले होते. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळे लिहिताना कुठेही अडखळले नाहीत.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला तो वहाब मिस्तरीचा. बंदूक दुरुस्तीचा त्याचा परवाना त्या वर्षी संपत होता आणि अर्जावर साहेबांनी शेरा मारला होता, "अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहून शिफारस करू." बाकीच्या बागायतदारांनी स्पर्धेसाठी बंदुका धुळ्याला पाठवल्या होत्या. रोज रस्त्यात नमस्कार करणारा गावातलाच माणूस चांगला कारागीर असेल, हे कुणाला पटणार? वहाबकडे आली ती एकच, कळसाडीच्या चुनीलाल पाटलांची दुनळी. म्हणजे वीस वर्षांची कारागिरी साहेबांना चुनीलालच्या खांद्यावर दिसायची होती, आणि बार उडाला की तो खांदा वीतभर मागे जाई.

"दस्तखत साहब के, निशाना चुनीभाई का," त्याची बायको अख्तरबानो भाकरी थापता थापता म्हणाली. "तुम्हारा इसमें है क्या?"

"बाकी सब," वहाब म्हणाला.

ते बाकी सब त्याने पंधरा दिवस केलं. चुनीलालचा गाल खात्यापित्या घरचा. तो टेकतो तिथे बंदुकीचा दस्ता तासला. चाप ओढताना नळी हलू नये म्हणून आतला खटका घासून हलका केला. रिकामं काडतूस नखाने उकरावं लागे, ते नुसत्या झटक्याने बाहेर पडेल इतकं नळीचं तोंड आतून गुळगुळीत केलं. मग काडतुसं घेतली. कागदी नळकांड्यात तो कधी थोडी कमी दारू भरी, कधी थोडी जास्त. गोणपाटावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तीस पावलांवरून बार काढी आणि छर्‍यांची भोकं मोजी. पुढाऱ्यांच्या भाषणांचा एवढा बारकाईने अभ्यास तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नसेल.

शेवटी एक माप बसलं. दारू कमी, धक्का कमी, आणि एका बाराचे छर्रे दोन हात रुंद पसरत. चुनीलालने एक बार काढून पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हाई काय, मिस्तरी? इतला आवाज ते लगीनना फटाकडाना बी येस."

"आवाजघाई मडकं फुटत नही, चुनीभाई."

"लोके काय म्हनतीन? पाटीलनी बंदूक खोकस."

"खोकू द्या. खांदा ते जागावर ऱ्हाई."

बारा काडतुसं वहाबने एका पितळी कड्यातून एकेक सरकवून पाहिली. कड्यातून सुटेल ते नळीत जाणार, हा त्याचा हिशेब. मग डब्यात घालून दिली आणि कोरड्या जागी ठेवायला दोनदा सांगितलं.

दसऱ्याला चुनीलाल वाळूवर आला तो गुलाबी फेटा बांधून. मागे छकड्यात त्याची आई सुगंधाबाई. वहाबने डबा उघडला. काडतुसांवर कुंकवाची बोटं होती आणि कागद फुगून मऊ झाला होता.

"मायनी सकायमा दूध-पानीघाई आंगोय घाली, मंग पूजा करी," चुनीलाल अभिमानाने म्हणाला.

पूजेला ठेवायची वस्तू आधी न्हाऊ घालायची, हा त्या घरचा शिरस्ता. नांगराला चालतं, विळ्याला चालतं, बंदुकीलाही चालून गेलं. काडतुसं कागदाची आहेत, हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

वहाबने खिशातलं कडं काढलं. बारांपैकी चार कशीबशी सुटली. आठ अडकली.

छकड्यातून सुगंधाबाई म्हणाल्या, "वहाब, तुन्या गोया मी देवसारख्या पूज्यात रे. पदरघाई पुसीसन ठेव्यात."

"हा, माय," वहाब म्हणाला. चुनीलालकडे वळून हळूच सांगितलं, "चारच शेतस. पहिल्या दोन जोड्या, दोन्ही मडकासना मझार मारा. एक बारमा दोन्ही जातीन."

ऐन वेळी आठ काडतुसं बाद केली म्हणून चुनीलाल संतापाने लाल झाला होता, पण पुकारा झाल्यामुळे तो संताप त्याला बरोबर घेऊनच पळावं लागलं. पहिल्या बाराला दोन मडकी गेली. दुसऱ्याला दोन. तिसरा बार नदीला लागला. चौथ्याला एक. ब्राह्मणपुरीच्या गिरधरने सहाही फोडली, अकरा काडतुसांत, आणि धक्क्यांनी दुखावलेला उजवा हात गळ्यात बांधून पहिलं बक्षीस डाव्या हाताने घेतलं. चुनीलाल दुसरा.

साहेबांनी वहाबला बोलावलं. "बाकीच्यांकडे पिशव्या भरून काडतुसं होती. तुम्ही चारच का दिलीत?"

खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. पण छकडा दहा पावलांवर होता आणि सुगंधाबाई कान देऊन ऐकत होत्या.

"सहा मडक्यांना चार पुरतात, साहेब," वहाब म्हणाला. "एक मारणाऱ्याच्या हातून गेलं."

साहेब भारावले. देशाला अशाच काटकसरीची गरज आहे, असं ते वाळूवरच अर्धा तास बोलले. महिन्याभरात वहाबचा परवाना आला. त्याच टपालात दुसरा हुकूम आला, की तालुक्यातल्या परवानेदारांना काडतुसं यापुढे एक तृतीयांशाने कमी मिळतील.

चुनीलाल दुकानात आला आणि ती आठ काडतुसं त्याने फळीवर आपटली. "तुले परवाना भेटना, आमन्या गोया गयात. आनि दुन्याभर सांगत फिरस, मन्हा हात चुकना."

वहाबने एक काडतूस सुरीने कापलं. आत दारूचा लगदा झाला होता. चुनीलालने वास घेतला. आंबलेलं दूध. 

"मायले सांगू नको," तो म्हणाला.

"सांगनं ऱ्हातं ते तठेच, साहेबसमोर सांगतू."

पुढल्या दसऱ्याआधी चुनीलालच्या सांगण्यावरून वहाबने पूजेसाठी बारा काडतुसं सागाची कातून दिली. लाल रंग दिला, बुडाला पितळ बसवलं. सुगंधाबाईंनी त्यांना यथास्थित न्हाऊ घातलं, पदराने पुसलं, आणि मुलाला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "औंदा गोया हलक्या लागतस रे. मिस्तरी दारू चोरस."