कुलूपबाई

माझी मावशी औषधाचं दुकान चालवते आणि सर्दी झालेल्या माणसाला चोरासारखं वागवते. दोष तिचा नाही, कायदाच तसा आहे. सर्दीच्या काही गोळ्यांपासून मेथ नावाची नशा बनवता येते. म्हणून त्या गोळ्या कुलपात ठेवायच्या, ओळखपत्र बघून द्यायच्या आणि एका माणसाला एकच पाकीट. बाकीचे दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी डोळेझाक करतात, पण मावशीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा काकांच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्याच्या नाकाला धार लागली होती, तरी तिने त्यांना कार्ड आणायला घरी पिटाळलं. तेव्हापासून सगळी वस्ती तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणते. तिला ते माहीत आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

पण हा नुसता हट्ट नव्हे. कायदा येण्याआधी दुकानामागच्या गल्लीत, एका भाड्याच्या खोलीत, काही जण चोरून ही नशा शिजवायचे. एके दिवशी त्या खोलीने पेट घेतला आणि शेजारच्या शिंप्याची मुलगी भाजली. शिजवणारे गोळ्या मावशीच्याच दुकानातून नेत होते, हे नंतर कळलं. मावशी कितीतरी दिवस नीट जेवली नव्हती. पुढे कायदा आला, तसं तिने वस्तीतल्या चार बायका आणि एक निवृत्त मास्तर गोळा करून समिती काढली. शाळेत जाऊन ती मुलांना सांगायची, झोप उडते, भूक मरते, दात किडतात, माणूस रात्र रात्र एकच वस्तू उघडून तिचे स्क्रू काढत बसतो. त्यानंतर आमच्याकडे एकही खोली जळली नाही. कायद्याने काय होतंय, असं कोणी म्हणालं की माझं डोकं सटकतं ते यासाठीच.

मावशीचा मुलगा म्हणजे आमचा बारक्या. नाव बारक्या, पण दारातून वाकून यावं लागतं. तो गोदामात रात्रपाळीला लागला आणि घरी येऊनही जागाच राहायला लागला. आधी पंखा उघडला, मग मिक्सर. स्वयंपाकघरातल्या वाट्या स्क्रूंनी भरल्या. "पोराच्या हातात कसब आहे हो," काका कौतुकाने म्हणायचे. बारक्याचे गाल बसले तेव्हा मावशीच्या मनात पाल चुकचुकली. ती तशीच दुकानात गेली, कपाट उघडलं, गोळ्यांची सगळी पाकिटं मोजली. सगळी जागच्या जागी होती. किल्ली तर तिच्या गळ्यातच असते. "उगाच शंका घेतली लेकरावर," असं मला म्हणाली आणि चक्क हसली. त्यानंतर जेव्हा जेव्हा धास्ती वाटे, तेव्हा ती मुलाकडे बघायच्या ऐवजी कपाट बघून यायची.

मग समितीच्या बैठकीला एक नवा फौजदार आला. मावशीने त्याला मोठ्या अभिमानाने कुलपाची गोष्ट सांगितली. तो भला माणूस होता. म्हणाला, "चांगलंच केलंत, बाई. त्यामुळेच इथलं शिजवणं बंद झालं. पण आता माल बाहेरून तयारच येतो, पुड्या बांधून. त्याला तुमच्या गोळ्या लागतच नाहीत."

मी तिच्या शेजारी बसले होते. तिने गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली. घरी आलो तर टेबलावर मिक्सर तसाच उघडा पडलेला. शाळाशाळांतून जे पाठ म्हणून दाखवलं, ते महिनोन् महिने तिच्याच स्वयंपाकघरात चाललं होतं.

ती नशा सोडवणाऱ्या उपचार केंद्रात चौकशीला गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "मुलगा सज्ञान आहे. तो स्वतः हो म्हणाल्याशिवाय आम्हाला त्याला ठेवून घेता येत नाही. कायदा आहे तसा." आयुष्यात पहिल्यांदा मावशी कायद्यावर संतापली. घरी येऊन तिने बारक्याला खोलीत कोंडलं आणि बाहेरून कुलूप घातलं. त्याने आतून दाराच्या बिजागऱ्या खोलल्या, दार भिंतीला नीट टेकवून ठेवलं आणि निघून गेला. काका त्या दाराजवळ बसून लहान मुलासारखे रडले.

काल मी मुलीच्या खोकल्याचं औषध आणायला दुकानात गेले. रांगेत माझ्या पुढे काही माणसं होती आणि सगळ्यांत पुढे बारक्या. नाक वाहत होतं, अंगात ताप असावा.

"आई, सर्दी झालीय गं. एक पाकीट दे."

मावशीचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. "कार्ड?"

"हरवलं."

"मग नाही देता येणार."

"आई, अगं, मी आहे!"

"घरी चल. वाफ देते, पाणी तापवते. चल ना रे."

"आणि परत कोंडशील," तो म्हणाला. रागाने नाही, दमल्यासारखा म्हणाला. बाहीने नाक पुसलं आणि गेला. मावशी गल्ल्यामागून बाहेर येईपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

ती परत जागेवर येऊन उभी राहिली. न मागताच रांगेतल्या सगळ्यांनी खिशातून, पिशवीतून आपापली कार्डं काढून हातात धरली होती. खोकल्याच्या औषधाला कार्ड लागत नाही, तरी माझा नंबर आला तेव्हा मीही माझं पुढे केलं. मावशीने ते घेतलं. माझा चेहरा फोटोशी नीट ताडून पाहिला.

मग म्हणाली, "किती वाळलाय गं तो."