न धुतलेला दगड

दिल्लीला समुद्र नाही, पण कुठलं जहाज केव्हा निघणार, त्यावर कोण चढणार आणि कोण नाही, हे सगळं दिल्लीतच ठरतं. ठरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना पोहता येत नाही. मलाही येत नाही, ते सोडा. पण मी निदान आयुष्यभर समुद्राच्या तळाचा अभ्यास तरी केला. जहाजातून एकदा त्या तळाच्या वर, भर समुद्रात जायचं आणि खालून वर काढलेला दगड ओला असताना हातात घ्यायचा, एवढीच माझी इच्छा होती, नोकरी लागली तेव्हापासूनची. चंद्र मागितला नव्हता मी.

समुद्राच्या तळाला मधोमध भेग असते. तिच्यातून तापलेला रस वर येतो, गार पाण्यात गोठून त्याचा काळा दगड होतो आणि जुना तळ दोन्ही बाजूंना सरकत जातो. साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. माझे यजमान सरकारी हिशेबखात्यात होते. ते म्हणायचे, "म्हणजे आमच्या फायलींपेक्षा बराच वेग आहे की!" तर त्या रसाला पाणी लागलं रे लागलं की वरून काचेची पातळ साल धरते. खरं धन ती साल. पृथ्वीच्या पोटातून जे आलं ते तिच्यात जसंच्या तसं अडकून राहतं. हे आमच्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. आमच्या संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांना, म्हणजे साहेबांना, माहीत नव्हतं.

मी पहिल्यांदा जहाजावर जायचं विचारलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जहाज पर लेडीज टॉयलेट नहीं है।"

मी म्हटलं, चालेल, मी निभावून नेईन. तर म्हणाले, "कैसे?" आणि स्वतःच लाजले. कसं म्हणजे काय? विद्यार्थिनी असताना मी विद्यापीठाजवळच्या मुनिरकामध्ये भाड्याच्या खोलीत काढलीत ती वर्षं. अख्ख्या इमारतीला मिळून एक संडास, दाराला कडी नाही, आत जाताना मोठ्याने खोकायचं, एवढीच व्यवस्था. समुद्रावरचे शिकलेसवरलेले पुरुष त्याहून वाईट असतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. पण साहेबांना आपल्या माणसांची माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

तर गेले पुरुष. महिनाभर ओकाऱ्या काढल्या, वजन घटवून आले, आणि दगडांची पोती माझ्या लॅबमध्ये आणून टाकली. मी पहिलं पोतं उघडलं आणि कप्पाळावर हात मारला. दगड चकचकीत! भांड्यांच्या दुकानात मांडावेत असे. दिल्लीहून कुणी मोठे पाहुणे बंदरावर बघायला यायचे होते म्हणून साहेबांनी हुकूम सोडला होता, दगड स्वच्छ करा. मग तारेचे ब्रश घेऊन सगळी शास्त्रज्ञ मंडळी डेकवर बसली आणि घासघासून काचेची साल पार काढून टाकली. वर व्हार्निश मारलं. साहेबांची बॅग उचलणारा एक ज्युनियर होता, त्याच्या देखरेखीखाली हे पुण्यकर्म झालं. तो मला कौतुकाने म्हणाला, "मॅडम, एकदम नया कर दिया!"

लाखो वर्षांचा दगड, आणि म्हणे नवा! माकडाच्या हातात कोलीत दिलं तर माकड निदान मजा तरी करतं. यांनी कर्तव्य म्हणून केलं. त्या पोत्यांतून मला एक कपची काच मिळाली नाही.

पुढे कारणं बदलत गेली. एकदा विमा. एकदा म्हणे कॅप्टन जुन्या वळणाचे आहेत. मग माझी मुलगी लहान होती, मग ती मोठी झाली आणि तेवढ्यात माझं वय झालं. मधल्या काळात नवीन जहाज आलं, त्यात बायकांची केबिनही आली, तर कुणीतरी काळजीने म्हणालं, "अब तो आप सीनियर हैं, धक्के क्यों खाने?" म्हणजे तरुणपणी बाई म्हणून नको आणि आता आजी म्हणून नको. मधे माणूस म्हणून एखादा आठवडा असेल, तो माझ्या लक्षातच आला नाही.

शेवटी वैतागून मी विवरं धरली. उल्का पडून जमिनीला पडतात ते खड्डे. लोणारला जायला लागले. तिथे काठावर संडासच नव्हता, त्यामुळे लेडीज संडास नसल्याचा प्रश्न मिटला. आणि गंमत अशी की तिथला दगडही तसाच काळा, गोठलेल्या रसाचा. वरून उल्का येऊन असली आदळली की त्या दगडाची काच होऊन तिचे थेंब चहूकडे उडाले. समुद्राची काच नाही तर नाही, आभाळाने थोबाडीत मारून केलेली काच तरी मिळाली. मी त्या थेंबांवर वर्षानुवर्षं काम केलं, बरं केलं, आणि लोकांनी ते मानलंही. दूरच्या देशांतल्या लोकांनी. आमच्या कॅन्टीनमध्ये मात्र मी बॅग घेऊन निघाले की एकच विनोद ठरलेला: मॅडम माहेरी चालल्या!

अरे, कसलं माहेर? माझं माहेर पहाडगंज. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मी तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली. लोणार मी पहिल्यांदा पाहिलं ते नकाशावर. हे मी किती वेळा सांगितलं असेल. ऐकून हसायचे आणि म्हणायचे, येताना पुरणपोळी आणा. मी विवराच्या काठावर दगड फोडायचे आणि यांच्यासाठी पुरणही वाटायचं! एकाने खरंच डबा दिला होता बरोबर. मी त्यात मातीचा नमुना भरून आणला.

निवृत्तीला थोडे महिने राहिले तेव्हा पुन्हा मोहीम निघाली. भर समुद्रातल्या भेगेवर. या वेळी मी आशा धरली, खोटं कशाला बोलू. घरी यजमानांना म्हटलंसुद्धा, "बघा, जाते की नाही." आम्ही द्वारकेत राहतो, कृष्णाची नव्हे, दिल्लीतली, सेक्टरांची. यजमान म्हणाले, "जाऊन ये बाई. नाहीतर समुद्राशिवायच्या द्वारकेत तू मला जगू द्यायची नाहीस."

समितीची बैठक झाली. अध्यक्ष कोण? तोच, ब्रशवाला ज्युनियर. आता त्याची बॅग दुसरा कुणी उचलत होता. बायकांच्या केबिनमध्ये झोपायच्या जागा दोन. एक जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंची. उरली एक, आणि नावं दोन: मी आणि माझ्याच हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. फरिदाबादची, मराठी घरातली, निम्मं हिंदी बोलणारी, हुशार. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि गोड आवाजात म्हणाले, "आप दोनों लेडीज आपस में तय कर लीजिए।"

पुरुषांच्या जागांबद्दल चकार शब्द नाही. त्यांच्यात एक साहेब तर प्रशासनातले होते आणि 'एक्सपोजर' घ्यायला चालले होते. समुद्राची हवा खायला म्हणा ना सरळ! त्यांना कुणी म्हटलं नाही की आपसात ठरवा. सगळे समोसे पुढे ओढून आमच्याकडे बघत बसले. नळावरचं भांडण बघायला गल्ली जमते ना, तशी ती विद्वान मंडळी जमली होती. दोन बायका, एक पलंग, आता मजा येणार!

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मॅडमच जातील."

मी 'बरं' म्हणायला हवं होतं. तेवढा एकच शब्द, आणि मी जहाजावर असते. पण त्यांची ती तोंडं बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हिचं नाव लिहा. आणि या एक्सपोजरवाल्या साहेबांना जरा विचारा, दगडाला काच कुठल्या बाजूला धरते?"

एक्सपोजरवाल्या साहेबांनी समोसा खाल्ला. मुलीचं नाव लिहिलं गेलं.

लोक याला त्याग म्हणाले. त्याग, डोंबलाचा! राग आला होता मला. मेट्रोच्या ब्लू लाइनवर बसेपर्यंत राग उतरला आणि आपण काय करून बसलो ते कळलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले ते एका फणकाऱ्यात देऊन टाकलं, आणि तेही कुणाला धडा शिकवायला? समोसे खाणाऱ्यांना! घरी येऊन भांडी आपटली. यजमान म्हणाले, "अगं, रडतेस कशाला?" मी म्हटलं, "रडत नाहीये, चिडलेय." दोन्ही चाललं होतं. त्यांनी गुपचूप खिचडी लावली.

मुलगी निघायच्या आधी भेटायला आली. तिला मी एकच सांगितलं, कुणाच्या हातात ब्रश दिसला तर हात तोड. ती म्हणाली, "बिल्कुल मॅडम." पुढे जहाज समुद्रात असतानाच मी निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ, भाषणं. अध्यक्ष गहिवरून बोलले की मॅडमनी नव्या पिढीसाठी जागा सोडली. मग माझ्या हातात लाकडी स्टँडवर बसवलेली भेट ठेवली. बघते तर काय, त्या पहिल्या पोत्यातलाच दगड! व्हार्निश मारलेला, खाली पितळी पट्टी, तिच्यावर 'समुद्र की ओर से'. टाळ्या वाजल्या. तो दगड आमच्या बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो आम्ही. त्या कामाला चांगला आहे.

मुलगी परत आली ती विमानतळावरून थेट आमच्याकडे. उन्हाने रापलेली, ओठ फुटलेले, पाठीवर सॅक. तिने सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "उद्या लॅबमध्ये जमा करायचाय मॅडम. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवते."

काळा दगड. वरच्या अंगाला काचेची साल अख्खी, एक ओरखडा नाही. फटींमध्ये करडा चिखल, आणि सगळीकडे मिठाचा पांढरा थर.

"धुतला नाहीस?"

"ते एक्सपोजरवाले सर आले होते ब्रश घेऊन, फोटो काढायचा होता त्यांना. मी त्याच्यावर बसून राहिले. कसम से मॅडम. जेवणाची बेल झाली तरी उठले नाही."

मी दगड हातात घेतला. मला तो ओला हवा होता. माझ्यापर्यंत येईस्तोवर तो खडखडीत वाळला होता. इतका राग आला त्या वाळलेपणाचा! साहेबांचा, ब्रशवाल्याचा, समोशांचा आणि माझ्या तोंडाळपणाचाही. मग मी आमच्या धंद्यातलं कुठलंही माणूस दगड ओळखताना करतं ते केलं. दगड तोंडाशी नेला आणि जिभेने चाटला.

"अगं बाई, काय करतेस!" यजमान स्वयंपाकघरातून ओरडले आणि पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. "खूळ लागलं का? घे, चूळ भर आधी."

खारट होता. मी बघितलं तर जीभ लागली होती तेवढीच जागा ओली झाली होती आणि तिथली काच चकाकत होती. मी ग्लास बाजूला सारला.

"पाणी नको," मी म्हटलं. "राहू दे थोडा वेळ तोंडात."